मासा घरी येईपर्यंत

माशांच्या कृती आपण सगळ्याजणी आवडीने वाचतो, वहीत उतरवूनही घेतो. चिंच घालावी की कोकम, तळायला रवा बरा की तांदळाचं पीठ, यावर आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये मधली सुट्टी पुरत नाही. पण मासा ओट्यावर येण्याआधी त्याचं काय काय झालं, हे आपण फारसं विचारत नाही. बाजारातून घेणारीची गोष्ट वेगळी. तिने कोळणीच्या पाटीपुढे बसावं, कल्ला उचलून बघावा, नाही पटलं तर सरळ उठावं. पण जिच्या घरातला माणूस स्वतःच गळ घेऊन नदीवर जातो, त्या माझ्यासारखीला ही सोय कुठली? पिशवीतून जे येईल ते आपलं!

आम्ही राहतो विठ्ठलवाडीला. कर्जतच्या गाडीत कल्याणनंतरचं पहिलंच स्टेशन. जवळून वालधुनी जाते. तिचा रंग आणि वास ज्यांना ठाऊक आहे, त्यांना इथली माणसं मासे धरायला जातात म्हटलं तर हसूच येईल. पण त्याच गाडीने पुढे बदलापूरला नाहीतर वांगणीला उतरलं की उल्हास नदी भेटते. राजमाचीच्या डोंगरातून निघून कर्जत, नेरळ करत ती इकडे येते. रविवारी सकाळच्या गाडीत गळाच्या काठ्या घेतलेले दोघे-चौघे हमखास दिसतात. आमचे हे त्यांतलेच एक.

ह्यांना हा नाद हौसेने लागला नाही. चार वर्षांपूर्वी ह्यांची कंपनी बंद पडली आणि हे दहा महिने घरी होते. माझी शाळा अर्धवेळ, पगारही अर्धाच. त्या दिवसांबद्दल जास्त लिहीत नाही. ज्यांनी काढलेत त्यांना सांगायला नको. माणूस घरात असून नसल्यासारखा झाला होता. मग कंपनीतल्याच एका मित्राने एक दिवस ह्यांना ओढून नदीवर नेलं. दुसऱ्या आठवड्यात हे आपणहून गेले. जायच्या दिवशी सकाळी उठून दाढी करू लागले, मला तेवढंच पुष्कळ वाटलं. संध्याकाळी पिशवी माझ्या हातात देऊन म्हणायचे, "उद्या भाजी आणू नकोस."

आणि त्या पिशवीला वास यायचा. नदीच्या माशाला असतो तो मातकट वास नव्हे, दुसराच. सकाळी नऊला धरलेला मासा, घरी यायचा संध्याकाळी सहाला. मधले नऊ तास प्लॅस्टिकच्या पिशवीत, तीही काठावरच्या दगडावर उन्हात ठेवलेली. कल्ले तपकिरी, पोट फुगलेलं, बोटाने दाबलं तर खळगा तसाच राहायचा. सासूबाई म्हणायच्या, "अगं, चिंच लावून चोळून धू, मसाला जरा चढा टाक, काही होत नाही." त्यांचा जीव अन्न टाकण्याला तयार होत नव्हता, आणि त्यांच्या लेकाने आणलेलं अन्न टाकायला तर त्याहून नाही. माझी मुलं तेव्हा आठ आणि पाच वर्षांची. मी मासे उचलले आणि टाकून आले. हे एक शब्द बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी दाढी केली नाही.

तुम्ही म्हणाल, एवढं कशाला, सांभाळून घ्यायचं एखादे वेळी. नाही हो. मुलांच्या पोटाशी खेळ नको, आजही मी तेच करीन. चिंच आणि मसाला वास झाकतात, बिघडलेलं दुरुस्त करत नाहीत. पण दर आठवड्याला एका माणसाची दिवसभराची मेहनत कचऱ्यात जाणार असेल, तर त्या घरात काय उरणार? तेव्हा मी ठरवलं, की ओट्यावर काही करण्यात अर्थ नाही, जे करायचं ते नदीच्या काठावरच व्हायला हवं. आणि ते ह्यांच्या हातून व्हायला हवं.

माझं माहेर अलिबागकडचं. आत्याला फोन केला. तिने एका वाक्यात आटपलं, "आधी पोट काढायचं, मग गप्पा मारायच्या." आमच्या शाळेतल्या शास्त्राच्या बाईंनी त्याचं कारण समजावून दिलं. मासा जिवंत असतो तोवर पोटातले पाचक रस आपल्या जागी असतात. तो मेला की तेच रस त्याचंच आतडं आणि पोटाचं मांस पचवायला लागतात. जंतू असतात ते मुख्यत्वे कल्ल्यांत, आतड्यांत आणि अंगावरच्या बुळबुळीत; आतलं मांस सुरुवातीला स्वच्छ असतं. उन्हाळ्याच्या उकाड्यात हे जंतू भराभर वाढतात, बर्फाच्या थंडीत त्यांची चाल अगदी मंद होते. म्हणजे कल्ले आणि आतडी काढली की निम्मं संकट गेलं, आणि थंडावा दिला की उरलेलं लांबलं.

आता काठावर काय करायचं ते सांगते. मासा गळाला लागला की तडफडत ठेवायचा नाही. डोक्यावर एक नेमका टोला द्यायचा. ऐकायला क्रूर वाटतं, पण तासभर तडफडून मरण्यापेक्षा ते बरं, आणि दमून मेलेला मासा लवकर नरम पडतो हेही खरंच. लगेच कल्ल्याशी कापून रक्त वाहू द्यायचं, मग पोट चिरून आतडी काढायची, कल्ले उपटायचे आणि कण्याच्या कडेची काळपट रक्ताची रेघ नखाने खरवडून टाकायची. तीच विसरली जाते, आणि वास तिथूनच सुरू होतो. खवलं मात्र तिथे काढू नयेत, तुकडेही करू नयेत. कातडी शाबूत असेल तर आतलं मांस झाकलेलं राहतं. धुवायला घरून नेलेलं पिण्याचं पाणी वापरावं. घाण पाण्यात न टाकता खड्डा करून पुरावी, खालच्या अंगाला कोणी कपडे धूत असतं, कोणी पाणी भरत असतं.

बादलीत पाणी घेऊन मासे जिवंत ठेवण्याची पद्धत पुष्कळांची आहे. चार मासे एका बादलीत घातले की त्या पाण्यातली हवा संपते, मासे गुदमरून मरतात आणि मग त्याच कोमट पाण्यात तासन् तास भिजत पडतात. यापेक्षा वाईट काही नाही. जिवंतच ठेवायचे तर जाळीच्या पिशवीत घालून वाहत्या पाण्यात, सावलीत सोडावेत, तेही थोडे असतील तर. मरळ आणि मागूर यांची गोष्ट निराळी. ते बाहेरची हवाही घेतात, त्यामुळे ओल्या गोणपाटात बराच वेळ टिकतात.

आणि बर्फ. खरं काम त्याचंच. बाईंनी फळ्यावर मांडावं तसा हिशेब मांडून दिला होता. एक किलो बर्फ वितळताना सुमारे ८० किलोकॅलरी उष्णता शोषून घेतो. ३० अंशांवरचा एक किलो मासा शून्याला आणायला साधारण २५ लागतात. म्हणजे तीन किलो माशांना नुसतं थंड करण्यातच एक किलो बर्फ संपला, परतीच्या गाडीतला उकाडा वेगळाच. म्हणून उन्हाळ्यात जेवढे मासे तेवढाच बर्फ धरावा. मोठा खडा ठेवून उपयोग नाही, बारीक फोडून माशाच्या पोटात, वर, खाली सगळीकडे लागला पाहिजे. आणि वितळलेलं पाणी मधून मधून काढून टाकायचं, नाहीतर माशाची चव त्या पाण्यात जाते.

बर्फ विकत घेताना रंग पाहा. आपल्या राज्यात अन्न व औषध प्रशासनाने २०१८ साली खाण्यायोग्य नसलेल्या बर्फात निळा रंग घालणं सक्तीचं केलं. असला बर्फ माशाला थेट लावू नये; मासे घट्ट बांधलेल्या पिशवीत घालून ती पिशवी बर्फात ठेवावी. मी मात्र विकतच्या बर्फाच्या नादी लागत नाही. पाण्याच्या लिटरच्या बाटल्या आदल्या दिवशीच फ्रीजरमध्ये ठेवते, गळ्यापर्यंत न भरता, कारण बर्फ फुगतो आणि बाटली तडकते. शिवाय एका डब्यात सुटा बर्फ, माशांच्या पोटात भरायला. कोळणी वापरतात तसला थर्मोकोलचा खोका आणला. उल्हासनगरच्या बाजाराजवळ राहून खोका मिळाला नाही असं कसं होईल! खोक्याला उन्हापासून सांभाळायला त्यावर एक भिजवलेलं गोणपाट.

या गोणपाटाबद्दल एक सांगते. बर्फ नसेल तर ओल्या गोणपाटात किंवा ओल्या पानांत गुंडाळून सावलीत, वाऱ्याला ठेवलेला मासा मे महिन्यात खरोखरच थंड राहतो, आपल्या माठातलं पाणी राहतं तसा. पण पावसाळ्यात हवेतच एवढी ओल असते की गोणपाट सुकत नाही, आणि सुकत नाही म्हणजे थंडही होत नाही. त्यामुळे "पाऊस आहे, गारवा आहे, बर्फ कशाला?" ही समजूत फसवी. माझ्या मते जास्तीत जास्त मासे याच समजुतीने खराब होत असतील.

त्यातून पावसाळा हाच तर आपल्याकडे माशांचा हंगाम. जून-जुलैत समुद्रावरची यांत्रिक मासेमारी बंद असते, पापलेट-सुरमईचे भाव विचारायची सोय नसते, आणि श्रावण लागण्याआधी घरोघरी मासे हवे असतात. पहिल्या मोठ्या पावसात नदीतले मासे उलटे चढून ओढ्यांत आणि भातखाचरांत अंडी घालायला येतात, त्याला आमच्याकडे वलगण म्हणतात. वलगणीला माणसं पाट्या भरभरून मासे धरतात. अंड्यांवर आलेले एवढे मासे धरले तर पुढच्या वर्षी काय धरणार, हा माझा आणि ह्यांचा दरवर्षीचा वाद. ते आता घरापुरतेच आणतात. बारीक मासे काठावर एकेक साफ करणं होत नाही. तेव्हा त्यांना तिथल्या तिथे पाणी-बर्फाच्या काल्यात बुडवून गार करावं, मग पाणी काढून सुट्या बर्फात ठेवावं आणि घरी आल्याबरोबर साफ करायला बसावं. कोलंबीचं डोकं तिथेच मोडून टाकावं, काळी पडायला ती डोक्यापासूनच सुरुवात करते. मुठे आणि खेकडे मात्र जिवंतच घरी यायला हवेत, ओल्या फडक्याखाली, हवा लागेल अशा टोपलीत. वाटेत मेलेला खेकडा कितीही मोठा असला तरी टाकावा.

पुराच्या पाण्यात माशांसाठी उतरणाऱ्यांचा मला राग येतो. २७ जुलै २०१९ ला याच उल्हासच्या पुराने बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली होती, हजारावर माणसं होड्यांनी काढावी लागली. गाडीला जिने अडवलं, तिच्यापुढे आपला गुडघाभर पाण्यातला माणूस तो काय!

वालधुनीचं आधी म्हटलं ते एवढ्यासाठी, की ज्या पाण्यात कारखान्यांचं सांडपाणी येतं तिथला मासा कितीही ताजा, कितीही बर्फात ठेवलेला असला तरी घरात घेऊ नये. रसायनं बर्फाने जात नाहीत, शिजवूनही जात नाहीत. शिजवून न जाणारी आणखी एक गोष्ट आहे. तुमच्यापैकी कुणी अलिबाग-मुरूडला सहलीला गेलात आणि सकाळी होडीतून उतरलेले बांगडे किंवा कुपा घेतलात, तर ते बर्फाशिवाय गाडीत टाकू नका. या माशांत उकाड्यामुळे एक विष तयार होतं. खाल्ल्यावर तोंड लाल होतं, अंगावर गांधी उठतात, डोकं ठणकतं. कितीही उकळा, ते जात नाही आणि वासावरून कळतही नाही.

पहिल्यांदा खोका घेऊन गेले तेव्हा ह्यांची मित्रांनी चेष्टा केली म्हणे, "वहिनींनी डबा दिला का?" संध्याकाळी त्याच खोक्यातून तीन चिलापी आणि एक रोहू निघाला. कल्ले, आतडी काढलेली, पोटात अजून बर्फाचे खडे, मांस घट्ट. सासूबाईंनी बोटाने दाबून पाहिला, वास घेतला आणि काही न बोलता पाटा काढला. मला सातनंतर ओट्यावर घाण काढत उभं राहावं लागलं नाही, हा फायदा माझा. उरलेले दोन मासे पुसून कोरडे करून झाकणाच्या डब्यात, फ्रीजच्या सर्वांत थंड कप्प्यात ठेवले आणि दुसऱ्या दिवशी संपवले. घरातल्या फ्रीजची थंडी बर्फाइतकी नसते, तेव्हा दोन दिवसांपलीकडे मी मासा ठेवत नाही.

ह्यांना आता अंबरनाथला काम लागलं आहे. पाळी असते, महिन्यातून एखादाच रविवार नदीला मिळतो. मित्रांकडेही खोके आलेत, आणि बर्फाच्या बाटल्या त्यांनाही माझ्याच फ्रीजरमधून जातात. शनिवारी रात्री मुलांच्या आईस्क्रीमला जागा उरत नाही, त्यावरून घरात जे चालतं ते निराळंच.