तेलाच्या दुकानाची गाडी

खाद्यतेलाच्या व्यापाऱ्याच्या गाडीत तेलाचा वास आला, तर त्याचे कोणालाच नवल वाटत नाही. बार्शीच्या एका व्यापारी कुटुंबात नेमके हेच झाले. दुकान शेंगतेलाचे आणि करडईच्या तेलाचे. माल टेम्पोतून जाई. पण घाईच्या वेळी पंधरा किलोचे दोन-चार डबे घरच्या गाडीच्या डिकीतूनही जात. त्यामुळे गाडीत वास येऊ लागला, तेव्हा त्याचे कारण कोणी शोधलेच नाही. ते ठाऊकच आहे, असे सर्वांनी गृहीत धरले होते.

शेठजींच्या पत्नींचे मत मात्र निराळे होते. "अहो, हा आपल्या तेलाचा वास नव्हे," असे त्यांनी दोन-तीनदा सांगून पाहिले. खवट तेल कसे येते आणि तापून करपलेले तेल कसे येते, हे स्वयंपाकघरात चाळीस वर्षे काढलेल्या बाईला कोणी शिकवावे लागत नाही. हा वास करपलेला होता, पण कढईतला नव्हता. मागे बसणाऱ्या आजींचे डोके त्याने दुखू लागे. त्यावर उपाय म्हणून चिरंजीवांनी डॅशबोर्डवर मोगऱ्याच्या सुगंधाची बाटली आणून बसवली. दोन्ही वासांच्या मिश्रणाने आजींना मळमळू लागले, एवढाच काय तो फरक पडला. रोजमेळात पाच रुपयांची तफावत आली तर मध्यरात्रीपर्यंत जागून ती शोधणाऱ्या घराने वासाची तफावत मात्र अत्तरात जमा करून टाकली होती.

अखेर आजींनी गाडीत बसायलाच नकार दिला, तेव्हा शोध सुरू झाला. आरंभ डिकीपासून झाला आणि ते योग्यच होते. सोपा संशय आधी निकाली काढावा. गालिचा, त्याखालचे नमद्याचे अस्तर, स्टेपनीचा खड्डा, सारे बाहेर काढले. खड्ड्यात एका गळक्या डब्याचे तेल खरोखरच साचून चिकट झाले होते. सांडलेल्या तेलावर हवेतील प्राणवायूची क्रिया होऊन ते खवट होते, आणि वरवर कितीही पुसले तरी अस्तरात मुरलेले तेल वास सोडत नाही. त्यावर खाण्याचा सोडा पसरून रात्रभर ठेवला, मग भांड्यांच्या साबणाने धुऊन दोन दिवस कडक उन्हात वाळवले. खवटपणा गेला. जळका वास मात्र जागच्या जागी राहिला.

आता पत्नींच्या म्हणण्याला वजन आले. त्यांनीच पुढचा प्रश्न विचारला, तो फार मोलाचा होता: "वास येतो कधी?" पाहिले तेव्हा ध्यानात आले की, सकाळी गाडी सुरू करताना वास मुळीच नसतो. वीसेक मिनिटे चालून इंजिन तापले की तो येतो. वेगात असताना जातो आणि रेल्वे फाटकाशी गाडी उभी राहिली की दाटतो. बाहेरची हवा बंद करून आतलीच हवा फिरवण्याचे बटण दाबले की तो कमी होतो. याचा अर्थ, वास गाडीच्या आतला नसून बाहेरून आत येत होता. आत येणारी हवा समोरच्या काचेच्या पायथ्याशी, वायपरखालच्या जाळीतून घेतली जाते आणि इंजिन तिच्या अगदी शेजारी असते. हे बटण परीक्षेपुरते चांगले, उपाय म्हणून नव्हे. काचा लावून तासन् तास तीच हवा फिरवली तर ती कोंदट होऊन चालकाला झापड येते.

मिस्त्रींनी आधी तेलाची पट्टी काढून पाहिली. पातळी खालच्या खुणेला टेकली होती. "शेठ, तेल जातंय," एवढेच ते म्हणाले. नुकतेच तेल बदलताना थोडे सांडले असते, तर ते काही दिवसांत जळून गेले असते. येथे सर्व्हिसिंगला चार महिने झाले होते. इंजिन धुऊन कोरडे केले, अर्धा तास गाडी चालवली आणि बॅटरीच्या उजेडात पाहिले. टॅपेट कव्हरच्या मागच्या कडेने तेलाचा बारीक ओघळ उतरत होता आणि खालच्या एक्झॉस्टच्या तापलेल्या नळीवर थेंब-थेंब पडत होता. धूर फारसा दिसत नव्हता. पण तशा तापलेल्या नळीवर तेल साचत राहिले तर ते पेट घेऊ शकते. आजींची डोकेदुखी त्या मानाने लहान गोष्ट होती.

कव्हरखालचे रबराचे गॅस्केट उष्णतेने कडक झाले होते. काढताना त्याचे दोन तुकडे झाले. वस्तू स्वस्त, मजुरी त्याहून जास्त. नुसते बोल्ट आवळून काम भागवणारेही कारागीर असतात. त्याने कव्हर वाकते आणि गळती वाढते. या मिस्त्रींनी तसे केले नाही. इंजिनातील वाफ बाहेर जाण्याची ब्रीदरची नळीही त्यांनी साफ केली, कारण ती तुंबली तर आतला दाब नवे गॅस्केटही टिकू देत नाही. बॉनेटच्या मागच्या कडेची रबरी पट्टी कोणीतरी काढून टाकली होती. तीही नवी बसवली. तिच्या अभावी इंजिनाकडची हवा सरळ काचेखालच्या जाळीपर्यंत पोहोचत होती.

पत्नींनी मिस्त्रींना आणखी एक गोष्ट विचारून घेतली: पेट्रोलचा वास आला तर? "मग काही शोधत बसायचं नाही, वहिनी. गाडी बंद, सगळे खाली."

आठ दिवस रात्री गाडीखाली पुठ्ठा अंथरून ठेवला. एकही काळा डाग पडला नाही. तरीही किंचित वास उरला होता. तो डॅशबोर्डच्या खणामागील जुन्या एसी फिल्टरमध्ये बसलेला निघाला. फिल्टर बदलला, मोगऱ्याची बाटली काढून टाकली आणि आजी पुढच्या आसनावर बसून सोलापूरला जाऊन आल्या.