वेढ्यातून आलेलं पोटाचं शास्त्र

पोटाच्या तक्रारी घेऊन माझ्याकडे ॲक्युपंक्चरसाठी येणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : काय खाऊ आणि काय वर्ज्य करू? माझी विचारपूस मात्र भलतीकडूनच सुरू होते. जेवणाची वेळ कोणती, झोप किती, घरात कसली काळजी आहे का? पथ्याची यादी न्यायला आलेल्या माणसाला या नसत्या चौकशा वाटतात. पण त्यांच्यामागे मोठी परंपरा आहे आणि तिला धार आली ती एका वेढ्यात.

1232 साली मंगोल सैन्यानं जिन राजवटीची राजधानी काइफेंग वेढली. वेढा उठला आणि शहरात माणसं पटापट मरू लागली. पन्नास दिवसांत नऊ लाखांवर प्रेतं वेशीबाहेर नेल्याची नोंद त्या राजवटीच्या इतिहासात आहे. थंडीवारा बाधल्याचं निदान करून वैद्य घाम काढणारी आणि रेचक औषधं देत होते. ली दोंगयुआन (1180–1251) हा वैद्य तेव्हा तिथेच होता. त्याचं मत वेगळं पडलं. दोन-तीन महिने अर्धपोटी राहून, अवेळी खाऊन, कष्टांनी लोकांचं पचन आधीच खचलं होतं आणि वेढा उठताच ते जेवणावर तुटून पडले. अशा देहाला जुलाब देणं म्हणजे उरलीसुरली ताकद काढून घेणं. त्या मृत्यूंमागे प्लेग असावा, असं आज काही अभ्यासक मानतात. तरी खचलेल्या पचनाकडे आधी पाहावं, हा लीचा आग्रह टिकला. ‘पीवेइ लुन’ हा त्याचा ग्रंथ त्यावरच उभा आहे.

चिनी वैद्यकात पचनाचा संसार ‘वेइ’ आणि ‘पी’ या जोडीवर चालतो. वेइ म्हणजे जठर. त्याची ‘ची’, म्हणजे प्राणशक्ती, खाली जायला हवी. पी म्हणजे प्लीहा, पण इथे तिचं काम अन्नातलं सत्त्व वर चढवण्याचं. वेइची गती उलटली की ढेकर, उचकी, आंबट पाणी. पी खचली की पातळ शौच, जेवणानंतरची सुस्ती, हातापायांत जडपणा. मंदाग्नी ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला हे फार परकं वाटू नये. अतिविचार पीला पोखरतो आणि कोंडलेल्या रागानं यकृताची ची तुंबली की तीही पीवर चढाई करते. परीक्षेच्या सकाळी पोटात मुरडा येतो, धावावं लागतं आणि जाऊन आलं की हलकं वाटतं, त्याची ही चिनी उपपत्ती.

मी जीभ पाहतो. फिकी, फुगीर आणि कडांवर दातांचे ठसे उमटलेली जीभ म्हणजे पी दुबळी. वर पांढरा चिकट थर असला तर शरीरात ओल साठलेली. अशा वेळी हमखास वापरला जाणारा बिंदू त्सूसानली. गुडघ्याच्या वाटीखाली चार बोटं आणि नडगीच्या कडेपासून एक बोट बाहेर. बोटं रुग्णाचीच मोजायची. आहार ऊन आणि मऊ. उत्तर चीनमध्ये आजाऱ्याला राळ्याची पेज देतात. ग्वांगदोंगमधल्या शिनहुईची, निदान तीन वर्षं मुरवलेली संत्र्याची साल पोटफुगीवर वापरतात.

पुरावा काय? इरिटेबल बॉवेल सिंड्रोमच्या 116 रुग्णांवर ऑस्ट्रेलियात झालेली चाचणी 1998 साली ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. एका गटाला सरसकट एकच चिनी औषध, दुसऱ्याला प्रत्येकाची प्रकृती पाहून, तिसऱ्याला नुसतंच प्लासिबो. सोळा आठवड्यांनी पहिले दोन्ही गट प्लासिबोपेक्षा सुधारले होते. औषध बंद केल्यानंतर 14 आठवड्यांनी मात्र प्रकृती पाहून औषध दिलेल्या गटातच ती सुधारणा टिकली. एवढ्याशा चाचणीवर मोठे दावे करू नयेत, पण रुग्णागणिक विचार करण्याचं मोल ती दाखवते.

धोकेही आहेत. 1990च्या दशकात बेल्जियममध्ये वजन घटवण्याच्या गोळ्यांत एका चिनी वनस्पतीच्या जागी ॲरिस्टोलोकिया ही विषारी वनस्पती गेली आणि अनेकांची मूत्रपिंडं निकामी झाली. म्हणून इंटरनेटवरून मागवलेल्या पुड्या घेऊ नका. शौचातून रक्त पडत असेल, कारण नसताना वजन उतरत असेल किंवा घास अडकत असेल तर आधी एंडोस्कोपी, सुया नंतर. सगळ्या तपासण्या नॉर्मल येऊनही पोट छळत राहतं, अशी माणसं पुष्कळ असतात. त्यांना ‘तुम्हाला काही झालेलं नाही’ असं सांगून परत न पाठवणारं हे शास्त्र आहे आणि माझ्या मते त्याची खरी उपयुक्तता तिथेच आहे.