पियानोचा दोष

दुसऱ्याचे दोष शोधण्याचा मनुष्याला मोठा छंद असतो. आणि ज्यानें तीस वर्षें उत्तरपत्रिका तपासण्यांत घालविलीं आहेत त्याच्या बाबतींत तर हा छंद हळूहळू स्वभावच होऊन बसतो. मी अशा स्वभावाचा आहें हें आमच्या घरांत सर्वांना ठाऊक होतें. मला मात्र तें कळलें एका डिजिटल पियानोमुळें.

हा पियानो गेल्या वर्षीं आमच्याकडे आला तो मुलीच्या हट्टानें. ती ज्या बाईंकडे शिकते त्यांच्या घरीं जुना, लाकडी, तारांचा पियानो आहे. तसलें अवजड वाद्य तिसऱ्या मजल्यावर चढविणें आणि मग वेळोवेळीं त्याच्या तारा जुळवून घेणें आम्हांला झेपणारें नव्हतें. डिजिटल पियानोला तारा नसतात. पट्ट्या मात्र तितक्याच, 88, आणि बोटाखालीं जवळजवळ तशाच जड लागणाऱ्या.

पहिल्या दिवशीं मुलगी शाळेंत गेली असतांना मी त्याच्यापुढें जाऊन बसलों. माझें सारें संगीत पेटीवरचें. वडील कीर्तनाला पेटीची साथ करीत. त्यांच्या शेजारीं बसून मीं लहानपणीं चार पदें बसविलीं होतीं. त्यांतलेंच एक वाजवूं लागलों, तों एक सूर ढणढणीत, दुसरा ऐकूंहि न येण्याजोगा, तिसरा पुन्हां जोरांत! पेटीवर असें कधीं होत नाहीं. नव्या वाद्यांत बिघाड आहे, असा निकाल मीं तत्काळ दिला. दुकानदाराला फोन करण्यापूर्वीं आपणच कांहीं खटपट करावी म्हणून एक बटण दाबून धरलें आणि एकेक पट्टी दाबून पाहत गेलों. थोड्या वेळानें काय आश्चर्य! सारे सूर एकसारखे येऊं लागले. आपण यंत्र दुरुस्त केलें या समाधानांत मीं माहितीपुस्तक न उघडतांच कपाटांत टाकलें. जन्मभर मिल्टन शिकविलेल्या माणसाला असलें पुस्तक वाचणें कमीपणाचें वाटलें असावें.

त्यानंतर दोन महिने मी शेजारच्या खोलींत बसून मुलीचें वादन ऐकत होतों. तिचे सूर चुकत नव्हते, लय चुकत नव्हती; परंतु सारें कसें टाइपरायटरच्या खडखडाटासारखें! "जरा मन लावून वाजव," असें मीं दोनतीन वेळां सांगितलें. एके दिवशीं तर पाहुण्यांसमोर बोलून गेलों, "हिच्या बोटांत तयारी आहे, पण भाव नाहीं." ती कांहीं बोलली नाहीं. तिनें झांकण लावलें, तें पुढें पंधरा दिवस उघडलें नाहीं. बाईंकडे जाणेंहि अभ्यासाच्या निमित्तानें बंद झालें.

अखेर बाईंचाच फोन आला. मुलगी कां येत नाहीं याची चौकशी करून त्या म्हणाल्या, "हळू सूर ती फार सुरेख लावते हो. इतकं नाजूक वाजवणारी दुसरी मुलगी माझ्याकडे नाहीं."

मुलगी एक, वाद्यें दोन. एकावर ती नाजूक वाजविते आणि दुसऱ्यावर तीच निर्जीव. मग दोष कोठें शोधावा? मी पियानोपाशीं गेलों. आवाज कमीजास्त करून पाहिला, हेडफोन लावून ऐकलें, वीज बंद करून पुन्हां चालू केली. मग एकच पट्टी एकदां अगदीं अलगद आणि एकदां मुठीनें दाबली. दोन्ही वेळां आवाज तोच! तेव्हां कुठें माहितीपुस्तक बाहेर निघालें.

पेटींत आवाजाचा जोर भात्यांतून येतो. पट्टीवरचें बोट केवळ हवेला वाट करून देतें. पियानोंत तो जोर बोटांतूनच येतो. किंबहुना हें वाद्य जन्मलेंच त्यासाठीं. त्यापूर्वींच्या हार्प्सिकॉर्डमध्यें पट्टी दाबली कीं तार छेडली जाई, आणि बोट कितीहि आपटलें तरी आवाजांत फारसा फरक पडत नसे. 1700 च्या सुमारास फ्लॉरेन्स येथें बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी यानें तारेवर हातोडी पडण्याची योजना केली. हातोडीचा वेग जितका अधिक तितका आवाज मोठा. पियानो म्हणजे हळू आणि फोर्ते म्हणजे जोरानें. या दोन इटालियन शब्दांवरूनच वाद्याला नांव पडलें.

डिजिटल पियानोंत प्रत्येक पट्टीखालीं दोन किंवा तीन संवेदक असतात. पट्टी खालीं जातांना एकापासून दुसऱ्यापर्यंत पोंचायला किती वेळ लागला हें यंत्र मोजतें. वेळ जितका कमी तितका आवाज मोठा. 1983 सालीं प्रचारांत आलेल्या मिडी नांवाच्या संकेतपद्धतींत हा वेग 1 ते 127 या आंकड्यांनीं सांगतात. त्या आंकड्याचा आवाज केवढा करावा हें आपल्याला ठरवितां येतें. नाजूक बोटांसाठीं एक प्रकार, दणकट बोटांसाठीं दुसरा, मध्यम बोटांसाठीं तिसरा. चौथा 'फिक्स्ड': बोट कसेंहि पडो, आवाज ठरलेलाच. ऑर्गनचे किंवा हार्प्सिकॉर्डचे सूर वाजवितांना तो उपयोगी पडतो. माझी 'दुरुस्ती' ती हीच होती. मुलीचें बोट कधीं वीस म्हणत होतें, कधीं ऐंशीं म्हणत होतें. त्या सर्वांऐवजीं एकच आंकडा ऐकण्याची सोय मीं करून ठेवली होती, आणि मग तिच्यांत भाव नाहीं म्हणून तक्रार करीत होतों.

मीं मध्यम प्रकार लावून ठेवला. संध्याकाळीं मुलगी घरीं आल्यावर विचारलें, "जरा बसतेस का?" ती नाइलाजानें बसली. पहिल्या दोनतीन सुरांनंतरच तिचा हात थांबला. तिनें एक सूर हळू वाजविला, मग तोच आणखी हळू.

"बाबा, ह्याला काय झालं?"

मीं सर्व सांगितलें. पाहुण्यांसमोर बोललों तें चुकलें, हेंहि सांगितलें. ती बराच वेळ पट्ट्यांकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "मला वाटलं, मलाच येत नाहीं."

ती रागावली असती तर मला बरें वाटलें असतें.

त्या रात्रीं टेबलावर उत्तरपत्रिकांचा गठ्ठा होता. ती पलीकडच्या खोलींत वाजवीत होती. गठ्ठ्यांतल्या एका निबंधावर मीं दुपारींच 'नीरस' असा शेरा मारला होता. तो निबंध मीं पुन्हां सावकाश वाचला. गुण वाढवावे असें कांहीं त्यांत सांपडलें नाहीं; ते तसेच ठेवले. शेरा मात्र खोडून टाकला.