गांधारावरचा हात

गेल्या उन्हाळ्यापर्यंत माझं एक ठाम मत होतं. खरं संगीत ते बैठकीतलं, समोरासमोरचं. रेकॉर्डिंग म्हणजे तुकडे जोडून शिवलेली गोधडी. हे मत मी कुणी विचारलं नाही तरी ऐकवत असे. पुण्यात मेसमध्ये, गावी पारावर, एकदा तर एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी काकांनाही. ते मत आता माझं राहिलेलं नाही. कसं गेलं ते सांगायला थोडी लाज वाटते, म्हणूनच सांगतो.

मी पेटी वाजवतो. पुण्यात शिकायला आहे. तिथे कुणी ‘संवादिनी’ म्हटलं की माझी मान जरा ताठ होते, पण आमच्या कुडाळकडे ती पेटीच. साथीला बसतो, अभंगांच्या कार्यक्रमांना जातो, गावी आलो की भजनात हात मारतो. रेकॉर्डिंगवरच्या रागाला माझ्याकडे एक ऐतिहासिक कारणही होतं. 1940 साली ऑल इंडिया रेडिओने पेटीला दार बंद केलं आणि ते किलकिलं व्हायला 1971 साल उजाडलं. तीस वर्षं! तेव्हाच्या रेडिओवर काम केलेले ब्रिटिश संगीतकार जॉन फोल्ड्स यांनी पेटीविरुद्ध लिहिलं होतं आणि रवींद्रनाथांनाही ती खपत नसे. पेटीवर मींड निघत नाही, तिचे सूर समान अंतरावर कापलेले असतात, ती गळ्याला बिघडवते, असे आरोप होते. हे सगळं मला पाठ होतं. ज्या माइकने माझ्या वाद्याला तीस वर्षं बाहेर उभं केलं, त्या माइकसमोर मी का नम्र व्हावं, असा माझा बाणा.

मे महिन्यात आम्ही चौघं गावी जमलो. गाणारी मैत्रीण, पखवाजवाला, रेकॉर्डिंगचं शिकलेला मित्र आणि मी. शाळेपासूनची ओळख. तिने पाच अभंग बसवले होते आणि ते नीट रेकॉर्ड करायचे होते. मी अट घातली: सगळ्यांनी एकत्र वाजवायचं, एका दमात, मागाहून काही चिकटवायचं नाही. रेकॉर्डिंगवाल्याने मान डोलावली. तो फार बोलत नाही.

स्टुडिओ म्हणजे त्याच्या काकांचं काजूचं रिकामं गोदाम. भिंतींवर गोधड्या टांगल्या, दारावर गादी उभी केली. गाणारी आतल्या खोलीत, पखवाज मधल्या, मी मागच्या पडवीत. मध्ये खिडकी, कानांवर हेडफोन. पंखा बंद, कारण त्याचा आवाज येतो. चार मिनिटांच्या अभंगात माझ्या कोपरावरून घाम पट्ट्यांवर ठिबकायचा. दमट हवेने काळी दोन अडकत होती. एकदा टेक छान चालला असताना शेजारचा कोंबडा आरवला, एकदा रस्त्यावरून जेसीबी गेला, एकदा वीजच गेली. आम्ही फणसाचे गरे खात वीज यायची वाट बघत बसलो. सगळं मला फार आवडत होतं, रेकॉर्डिंग सोडून.

भूप रागातला अभंग होता. टेक झाला, आम्ही चौघं लॅपटॉपभोवती बसून ऐकला. मी खूश. माझा हात त्या दिवशी मस्त चालला होता. ती मात्र हळूच म्हणाली, “परत घेवया?”

“तुझा खंय चुकला?” मी विचारलं.

“माझा नाय.”

कुणी काही बोललं नाही. रेकॉर्डिंगवाल्याने माझा ट्रॅक बंद करून तिचा आवाज, तानपुरा आणि पखवाज ऐकवला. मग उलट केलं. सगळं बंद आणि फक्त माझी पेटी.

एकट्या पेटीत कुठे थांबाच नव्हता. ती ओळ संपवून श्वास घेते तिथे मी सरगम भरली होती. शब्द लांबवते तिथे तो शब्द मी तिच्याआधी पोचवला होता. पखवाज समेवर येतो तिथेही मी घाईने एक तुकडा कोंबला होता. गंमत म्हणून पखवाजवाल्याने पहिल्या कडव्यातल्या तिच्या श्वासाच्या जागा मोजल्या. अकरा. अकराही मी बुजवल्या होत्या. मी साथ करत नव्हतो, तिच्या मागे लागलो होतो.

कुणी चूक दाखवली की माणूस करतो तेच मी केलं. यंत्राला दोष दिला. म्हटलं, बैठकीत असं वेगळं काढून कुणी ऐकतं का? सगळं मिळून ऐकायचं असतं. रेकॉर्डिंगवाला म्हणाला, “बरा.” मग थोड्या वेळाने त्याने विचारलं, “तू पेटी शिकलंस कोणाची आयकान?”

मी नावं घेतली. आप्पा जळगावकर, गोविंदराव पटवर्धन, तुळशीदास बोरकर.

“गोविंदरावांका खंय आयकलंस?”

गोविंदराव पटवर्धन 1996 साली गेले. माझा जन्म त्यानंतरचा. आप्पा 2009 साली गेले, तेव्हा मी शाळेत पाढे पाठ करत होतो. माझ्या बोटांत जे काही आहे त्यातलं निम्मं रेकॉर्डिंगमधून आलेलं. ज्या गोधडीला मी नावं ठेवत होतो, तिच्याच उबेत वाढलो होतो. पण हे त्या दिवशी मान्य केलं असतं तर मी मोठा माणूस ठरलो असतो. मी ठरलो नाही. उलट म्हणालो, “ता जुन्या काळातला. तेव्हा जोडाजोड नव्हती. आता तुम्ही एकेक सूर सरकवतात, माका लगेच कळता.”

दुसऱ्या दिवशी त्याने माझ्याच पेटीचे तीन तुकडे ऐकवले. म्हणाला, यातल्या एकातला एक सूर सरकवलाय, ओळख. मी डोळे मिटून ऐकले आणि दुसऱ्या तुकड्यावर बोट ठेवलं. इथे शिवण दिसते, म्हणालो, हे मेलेलं आहे. दुसऱ्या तुकड्याला त्याने हातही लावला नव्हता. सरकवलेला सूर पहिल्यात होता. मी ज्याला मेलेलं म्हटलं ते माझं स्वतःचं, जसंच्या तसं वाजवणं होतं. तो हसला नाही. पखवाजवाला मात्र गोदामाबाहेर जाऊन हसून आला.

त्याच आठवड्यात एका दशावतारी कंपनीचा पेटीवाला आजारी पडला आणि दोन रात्रींसाठी मला निरोप आला. मी उडी मारून गेलो. माझं बीळ तेच. ना हेडफोन, ना गोधड्या. देवळासमोरचा मांडव, समोर चाकरमानी आणि गाववाले, पहाटेपर्यंत खेळ. दशावतारात लिहिलेली संहिता नसते. आख्यान ठरतं, कोण राजा आणि कोण स्त्रीपार्टी ते ठरतं, बाकी रंगमंचावर घडतं. संवाद बोलता बोलता नट पद उचलतो आणि ते आपल्या गळ्याला येईल त्या सुरात. पट्टी शोधणं पेटीवाल्याचं काम. पहिल्या रात्री राजाने जो सूर लावला तो पांढरी चार आणि काळी तीनच्या अधेमधे कुठेतरी होता. मी शोधत राहिलो, सापडला नाही म्हणून दोन्हीकडे वाजवत राहिलो आणि गोंधळ झाकायला भराभर ताना टाकल्या. लोकांनी टाळ्याही दिल्या. मला वाटलं, बघा, इथे माझी किंमत आहे.

चहाच्या वेळी मृदंगवाले मामा शेजारी येऊन बसले. सत्तरीचे असतील. बिडी पेटवली आणि म्हणाले, “पेटी बोलता बरी रे. आयकता कमी.”

मग बिडी संपेपर्यंत काहीच बोलले नाहीत.

म्हणजे गोदामात जे ऐकलं तेच मांडवातही होतं. फरक एवढाच की मांडवातलं पहाटे संपलं. तिथल्या चुका प्रेक्षकांबरोबर घरी गेल्या आणि झोपल्या. इथे मला माझ्या मताचं मूळ सापडलं. मला बैठक आवडायची ती पवित्र असते म्हणून नव्हे. ती सकाळपर्यंत विसरलेली असते म्हणून. टाळ्या तेवढ्या आठवत राहतात. रेकॉर्डिंगचा मला राग होता कारण ते विसरत नाही.

दशावतारानंतरच्या रविवारी आम्ही निवतीच्या किनाऱ्यावर गेलो. खाऱ्या वाऱ्याने सूर खराब होतात म्हणून पेटी घरीच ठेवली होती. संध्याकाळी पाण्यात डुंबून झालं, वाळूत बसून सोलकढी संपवली आणि मैत्रीण सहज गुणगुणू लागली. तोच भूपातला अभंग. पखवाजवाल्याने डब्याच्या झाकणावर ठेका धरला, रेकॉर्डिंगवाल्याने मोबाइलवर तानपुरा लावला. माझ्या हाताला काम नव्हतं, म्हणून मी ऐकलं. सहा वर्षं तिला साथ करतोय. तिचा गांधार मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. ती त्यावर टेकली आणि तानपुऱ्यातून जो गांधार आपोआप उमटत असतो, त्यात तिचा सूर मिसळून गेला.

पुस्तकातलं गणित मला येत होतं. सप्तकाचे 1200 सेंट धरले तर तानपुऱ्याच्या तारेतून येणारा नैसर्गिक गांधार षड्जापासून साधारण 386 सेंटवर असतो. माझ्या पेटीचा, समान भागांत कापलेला गांधार 400 वर. चौदा सेंट चढा. या फरकापायीच सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी शंभरेक वर्षांपूर्वी ब्रिटिश अधिकारी क्लेमंट्स साहेबांच्या साथीने बावीस श्रुतींच्या पेटीचा खटाटोप केला होता. हे मी परीक्षेत लिहिलंय, चांगले मार्कही मिळवलेत. पण ते चौदा सेंट तिच्या गळ्याला काय करतात हे कधी कानाने पाहिलं नव्हतं. ती जिथे सर्वांत आत जाते, नेमक्या त्याच जागी मी दर वेळी पट्टी दाबून ठेवत होतो. भूपात तर गांधारच वादी. म्हणजे अभंगभर.

वाळूत बसल्या बसल्या मला 1940 ची ती बंदी आठवली. बंदी चूकच होती. एका वाद्याला अख्ख्या रेडिओवरून हाकलणं म्हणजे जावई उशिरा आला म्हणून लग्नच मोडण्यासारखं. पेटीने नाट्यसंगीत सांभाळलं, भजनं सांभाळली, खेड्यापाड्यात सूर पोचवला. पण तक्रार खोटी नव्हती, आणि ती खरी ठरवायला माझ्यासारखे पेटीवालेच मदत करत आलेत. पेटीचा गांधार चढा आहे हा तिचा दोष नाही. तो कधी वाजवायचा नाही हे मला न कळणं, हा माझा.

घरी परतताना मी म्हटलं, परत घेऊया. आधी दोन दिवस द्या.

ते दोन दिवस मी आप्पांच्या जुन्या साथी ऐकल्या, पण या वेळी ते काय वाजवतात ते सोडून कुठे वाजवत नाहीत ते बघत. गाणारा सुरावर थांबला की पेटी बारीक होते, कधी नाहीशी होते, आणि मुखडा जवळ आला की दारात उभ्या माणसासारखी हजर असते. इतकी वर्षं मी त्यांच्या बोटांची नक्कल केली, थांबण्याची केली नाही. थांबणं ऐकू येत नाही ना, मग नक्कल कशाची करणार?

नवीन टेक सोपा गेला असं नाही. हात काढून घेणं हे वाजवण्यापेक्षा कठीण निघालं. भाता हलतोय, बोटं पट्ट्यांवर आहेत आणि वाजवायचं नाही. पहिल्या तीन टेकमध्ये माझी करंगळी आपोआप गांधारावर गेली. चौथ्यात गेली नाही. पाचव्यात मैत्रीण गांधारावर टेकली, साधारण चार सेकंद, आणि त्या चार सेकंदांत फक्त ती आणि तानपुरा. लांबवर तोच कोंबडा आरवला. रेकॉर्डिंगवाल्याने विचारलं, ‘काढू काय?’ मी म्हटलं, राहू दे.

आणि दुसऱ्या एका अभंगात माझा एक सूर घाईने पडला होता, तो मी स्वतः त्याला सरकवायला सांगितला. तो किती सरकवला ते मला माहीत आहे, ऐकणाऱ्याला कळणार नाही, आणि त्यात कुणाची फसवणूक झाली असं मला आता वाटत नाही. सगळंच पटलंय असंही नाही. एकेक तान पंचवीस तुकड्यांतून शिवायची आणि मग ती बैठकीत गाता येत नाही म्हणून कार्यक्रमच टाळायचा, असं करणारे आहेत. त्यांच्याशी माझं अजून भांडण आहे. पण ते आता पारावर सांगत बसत नाही.

जूनच्या सुरुवातीला पहिला पाऊस पडला, गोदामाच्या पत्र्यावर ताशा सुरू झाला आणि आमचं काम आपोआप बंद पडलं. पुण्याला निघायच्या आदल्या रात्री आईला मोबाइलवर भूपाचा अभंग ऐकवला. ती मन लावून ऐकत होती. गांधाराची जागा आली तेव्हा तिने मोबाइल कानाजवळ नेला आणि मग माझ्याकडे बघून काळजीने विचारलं, “हय तू वाजवूक नाय?”

खोटं कशाला सांगू, तेव्हाही जरा लागलंच.