अडसर कोणीं घातला?

डोव्हरहून कॅलेस जाणाऱ्या मोटारींच्या बोटीच्या हालचालीस प्रवास म्हणावें कीं येरझारा, असा प्रश्न मला पहिल्याच खेपेस पडला. १९९४ सालीं नोकरीच्या निमित्तानें मी विलायतेंत होतों, आणि इंग्लिश खाडी ओलांडून फ्रान्सांत जाण्याचा प्रसंग मला वारंवार येई. बोट म्हटली कीं अथांग सागर, अनोळखी बंदरें आणि कित्येक दिवस न दिसणारा किनारा आपल्या डोळ्यांपुढें उभा राहतो. या बोटीच्या नशिबीं त्यांतलें कांहींच नव्हतें. सव्वा-दीड तासांत पैलतीर. तेथें मोटारी उतरावयाच्या, नव्या भरावयाच्या, कीं पुन्हां माघारीं. धुकें असो वा वारा असो, तेंच पाणी आणि तेच दोन धक्के! मला आमच्या मोठ्या काकूची आठवण झाली. स्वयंपाकघरांतून माजघरांत व माजघरांतून परसांत तिच्या दिवसभर फेऱ्या चालत. ती कधीं कोठें गेली नाहीं. परंतु तिच्या चालण्याचे कोस कोणीं मोजले असते, तर काशी आणि रामेश्वर दोनदां घडलें असतें.

या बोटींची रचना मोठी मौजेची. तिला पुढें व मागें अशीं दोन्हीकडे प्रचंड दारें असतात. मोटार एका तोंडानें आंत शिरते आणि दुसऱ्या तोंडानें सरळ बाहेर पडते. वळविण्याची खटपट नाहीं. आंत गाड्यांसाठीं या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग, मोकळा मजला. मध्यें भिंत नाहीं कीं आडपडदा नाहीं. भिंत घातली तर गाड्या भराभर भरावयाच्या कशा? आणि भराभर भरणें हाच तर त्या धंद्याचा प्राण!

एकदां परततांना वरच्या गच्चीवर एका उतारवयाच्या खलाशाशीं माझें बोलणें झालें. बोटीचें नांव ‘प्राइड ऑफ केंट’. पण हें तिचें सासरचें नांव. माहेरचें नांव ‘स्पिरिट ऑफ फ्री एंटरप्राइझ’. जर्मनींतील ब्रेमरहाफेन येथें बांधलेल्या आणि १९८० सालीं कामास लागलेल्या तीन बहिणींपैकीं ही एक. प्रत्येकीच्या पोटांत सुमारें साडेतीनशें मोटारी आणि तेराशें माणसें मावत. पुढें वाहतूक वाढली, तेव्हां इटलींतील पालेर्मो येथें हिला मधोमध कापून जवळजवळ तीस मीटर लांबीचा नवा तुकडा आंत बसविला, आणि १९९२ मध्यें ती पुन्हां येरझाऱ्यांस लागली. हें सारें त्या खलाशानें कौतुकानें सांगितलें. दुसरीचें नांव मात्र त्यानें उच्चारलें आणि तो गप्प झाला. ‘हेरल्ड ऑफ फ्री एंटरप्राइझ’. पुढें तो बोलला नाहीं, आणि मींहि विचारलें नाहीं. लंडनला परतल्यावर मीं ग्रंथालयांत जाऊन तिच्या चौकशीचा अहवाल काढला.

६ मार्च १९८७ ची ती संध्याकाळ. बेल्जममधील झेब्रुगे बंदरांतून ‘हेरल्ड’ डोव्हरकडे निघाली. तिच्यावर ४५९ उतारू व ८० नोकरमाणसें होतीं. एका वर्तमानपत्रानें स्वस्त तिकिटांची योजना काढली होती. तिचा लाभ घेऊन एका दिवसाच्या सहलीस आलेलीं कितीतरी कुटुंबें घरीं परतत होतीं. ही बोट मूळची कॅलेच्या फेरीसाठीं बांधलेली. तेथें गाड्यांच्या दोन्ही मजल्यांना एकाच वेळीं पूल लागत. झेब्रुगेस एकावेळीं एकाच मजल्यास पूल लागे, आणि तो वरच्या मजल्यास पोंचावा म्हणून बोटीच्या टाक्यांत पाणी घेऊन तिचें तोंड खालीं वाकवावें लागे. तें पाणी पुरतें उपसून होण्यापूर्वींच ती निघाली. आणि तिचीं पुढचीं दारें सताड उघडीं होतीं.

दारें लावणें हें ज्याचें काम, म्हणजे आपले कोंकणी खलाशी ज्याला तांडेल म्हणतील, तो आपल्या खोलींत झोंपला होता. निघण्याची सूचना त्याला ऐकूंच आली नाहीं. दारें लागलीं कीं नाहीं हें ज्या अधिकाऱ्यानें पाहावयाचें, तो ‘तांडेल येतोच आहे’ अशा समजुतीनें वर आपल्या जागेवर निघून गेला. गाड्यांच्या मजल्यावरून शेवटीं निघाला तो सारंग. दारें उघडीं होतीं हें त्याला दिसत होतें. पण तीं लावणें हें त्याचें काम नव्हतें. कप्तानाला वरून दारें दिसतच नसत. बिघाड असला तर कोणी येऊन सांगेल. कोणी सांगितलें नाहीं, त्या अर्थीं सर्व ठीक आहे, अशी तेथील वहिवाट होती. त्या संध्याकाळीं कोणी कांहीं सांगितलें नाहीं.

बोटीचा वेग वाढला तशी तोंडापुढची लाट उघड्या दारांतून आंत शिरली. पाण्यानें भरलेली परात उचलून चालणाऱ्या कोणत्याहि बाईस विचारा. परात जरा कलली कीं सारें पाणी त्याच बाजूस धांवतें आणि परात हातांतून उलटूं पाहते. त्या सलग, मोकळ्या मजल्याची अशीच परात झाली. अवघ्या दीडएक मिनिटांत एवढी थोरली बोट आडवी पडली. बंदराबाहेरच्या वाळूवर टेकली म्हणूनच ती अर्धी तरी पाण्यावर राहिली. तरीहि १९३ माणसें गेलीं.

त्याहून अधिक मन सुन्न करणारी गोष्ट चौकशींत बाहेर आली. १९८३ सालीं तिसरी बहीण अशींच उघडीं दारें घेऊन डोव्हरहून झेब्रुगेस सुखरूप पोंचली होती. तेव्हांहि असाच एकजण झोंपी गेला होता. दारें लागल्याची खूण दाखविणारा एक लहानसा दिवा कप्तानापुढें बसवावा, अशी मागणी कांहीं कप्तानांनीं केली होती. कचेरींत तिची थट्टा झाली. म्हणूनच न्यायमूर्ति शीन यांनीं सारा दोष एकट्या तांडेलाच्या माथीं न मारतां, खालपासून थेट वरिष्ठ चालकांपर्यंत सर्वांच्या पदरीं घातला.

अहवाल मिटला, आणि मला आमच्या गुहागरच्या घरांतील १९६२ सालच्या श्रावणांतली एक संध्याकाळ आठवली. ती मीं आजवर कोणासहि सांगितलेली नाहीं.

घरांत मंगळागौर होती. तेवीस माणसांचें घर पाहुण्यांनीं आणखी फुललें होतें. परसांतली विहीर पावसानें कांठोकांठ भरलेली. म्हणून दिवेलागणीपूर्वीं परसदारास अडसर घालण्याची घरांत रीत होती. मी दहा वर्षांचा होतों. पाय धुऊन सर्वांच्या मागून मी आंत आलों. अडसर भिंतीशीं टेकून उभा होता. तो मला स्पष्ट दिसला. पण अडसर घालणें हें मोठ्या काकूचें काम. शिवाय माजघरांत फुगड्यांचा दंगा चालला होता. मी तसाच पुढें गेलों.

घटकाभरानें धाकट्या काकूची हांक ऐकूं आली, “बाळू कोठें आहे हो?” बाळू म्हणजे तिचा दोन वर्षांचा मुलगा. ओटी, पडवी, माळा, सारें धुंडाळून झालें. शेवटीं आमच्या गड्याला तो सांपडला. विहिरीच्या कांठावर पालथा पडून, कोपरापर्यंत हात पाण्यांत घालून तो खेळत होता.

रात्रीं आजीनें सर्वांना माजघरांत बसविलें. ती रागावली नाहीं. तिनें एवढेंच विचारलें, “अडसर कोणीं घातला होता?” मोठ्या काकूला वाटलें, माझ्या आईनें, आईला वाटलें, आत्यानें, आत्याला वाटलें, गडी अजून बाहेर आहे, तोच आंत येतांना घालील. कोणीहि खोटें बोललें नाहीं. मुलांना तिनें विचारलेंच नाहीं, आणि मी आईच्या पदराआड गप्प बसून राहिलों.

दुसऱ्या दिवसापासून आजीनें नवा नियम केला. अडसर कोणीहि घालावा, मात्र ज्यानें घातला त्यानें माजघरांत येऊन मोठ्यानें म्हणावयाचें, “परसदार लावलें हो!” आणि आजीनें “ऐकलें” म्हणेपर्यंत तेथून हलावयाचें नाहीं. आम्हां मुलांना याची मोठी गंमत वाटे. मोठेपणींहि ‘म्हातारपणाचा हट्ट’ म्हणून मीं त्या नियमास हंसलों आहें. पण झेब्रुगेच्या दुर्घटनेनंतर अशा बोटींवर काय झालें? दारें लागलीं आहेत हें कप्तानासमोर दाखविणारे दिवे कायद्यानें बंधनकारक झाले. कोणी कांहीं सांगत नाहीं म्हणजे सर्व ठीक, असें मानावयाचें नाहीं. ठीक आहे हें कळलें पाहिजे, मगच निघावयाचें. आजीनें शाळेचें तोंड पाहिलें नव्हतें.

मोठ्या कुटुंबाचा जिव्हाळा थोर, यांत शंका नाहीं. पण ज्या घरांत हात पुष्कळ, त्या घरांत ‘दुसऱ्यानें केलें असेल’ असें वाटण्यास जागाहि पुष्कळ. एकटा राहणारा मनुष्य आपलें दार विसरला तर तो विसरला एवढेंच. तेवीस जणांच्या घरांत कोणी विसरत नाहीं, आणि तरी दार उघडें राहतें.

‘हेरल्ड’ वर काढून तैवानला मोडींत काढली. तिच्या बहिणींनीं नांवें आणि मालक बदलीत पुष्कळ वर्षें येरझारा केल्या. आज त्याहि नाहींत. गुहागरच्या घराचे वांटे होऊन गेले, विहिरीवर आतां जाळी आहे, आणि पुण्यांतील माझ्या घराचें दार ओढलें कीं आपोआप लागतें. परवां बाळूच्या नातीच्या बारशाला गेलों होतों. मोठ्या काकूनें त्या रात्रीं कसा घोळ केला, ही गोष्ट त्यानें नेहमीप्रमाणें सर्वांना हंसत हंसत सांगितली. मोठी काकू जाऊन आतां कित्येक वर्षें लोटलीं. मी त्या वेळींहि गप्पच बसलों.

बाळू हें मासिक दर महिन्यास वाचतो. म्हणून येथें लिहितों: बाळू, त्या संध्याकाळीं दारांतून शेवटचा मी आंत आलों होतों, आणि अडसर मला दिसला होता.