शारदेला कुणी विचारलं होतं का?



माझं माहेर सांगलीचं. हरिपूर म्हटलं की आम्हाला कृष्णा-वारणेचा संगम आणि हळदीची पेवं आठवायची. गोविंद बल्लाळ देवल तिथलेच, हे शाळेत शिकले होते; पण त्यांचं ‘संगीत शारदा’ पूर्ण वाचलं ते आत्ता, पन्नाशीत. सूर्यास्ताआधी जेवणं उरकतात, मग संध्याकाळ मोकळीच असते. चार संध्याकाळी पुरल्या.

नाटक १८९९ सालचं. कांचनभट पैशाच्या लोभाने आपल्या कोवळ्या मुलीचं, शारदेचं, लग्न नातवंडं खेळवायच्या वयाच्या भुजंगनाथाशी ठरवतो. भद्रेश्वर दीक्षित हा मध्यस्थ दोन्हीकडे गोड बोलून आपली पोळी भाजून घेतो. शारदेच्या आईला, इंदिराकाकूला, हे पसंत नाही; पण तिचं ऐकतो कोण? मैत्रिणी म्हाताऱ्या नवऱ्याची थट्टा करतात, तेव्हा हसू येतं आणि लगेच पोटात तुटतं.

मला वाटत होतं, ही जुनी गोष्ट. आता कुठे विकतात मुली? पण एका जागी मी पुस्तक मिटून बसले. ऐन लग्नात कोदंड दाखवून देतो की नवरा-नवरी सगोत्र आहेत, आणि लग्न मोडतं. म्हणजे बघा, मुलगी रडते आहे, आई नको म्हणते आहे, त्याने काही थांबलं नाही. थांबलं ते गोत्रामुळे. तिचं ‘नको’ कुणाच्या हिशेबातच नव्हतं. लग्न मोडल्यावरही बिचारी जीव द्यायला निघते. कोदंडच तिला वाचवतो आणि पुढे त्याच्याशीच तिचं लग्न होतं.

आता माझं सांगते. त्याच आठवड्यात माझ्या लेकीला एक स्थळ आलं होतं. मुलगा शिकलेला, घरात देवदर्शन, रात्रिभोजन नाही. गोत्र पाहिलं, पत्रिका पाहिली, पगार विचारला, फ्लॅट कुणाच्या नावावर तेही विचारलं. दोघं एकदा भेटले. सासूबाई खूश, हे खूश. आणि मी फोनवर मुलाच्या आईला “आमच्याकडून होच समजा” म्हणून बसले होते. लेकीला काय विचारलं होतं? “चांगलं आहे ना गं?” एवढंच. तीही “हं” म्हणाली होती.

त्या रात्री तिच्या खोलीत गेले. म्हटलं, “खरं सांग, तुझ्या मनात काय आहे?” ती बराच वेळ ओढणीचं टोक पिळत राहिली. मग म्हणाली, “आई, तो वाईट नाही. पण नोकरीचं विचारलं तर त्याने विषयच बदलला. मला अजून एकदा बोलायचंय त्याच्याशी.”

सकाळी त्यांना फोन केला, माझी घाई झाली म्हणून क्षमा मागितली. सासूबाई दोन दिवस माझ्याशी मोजकंच बोलल्या. तिसऱ्या दिवशी पापड लाटताना हळूच म्हणाल्या, “मला तर तेराव्या वर्षी कुणी तोंडही बघू दिलं नव्हतं गं. बोलू दे तिला.”

पुढच्या रविवारी दोघं भेटणार आहेत. जे होईल ते होईल.

तुमच्या घरात लग्नाची मुलगी असेल तर ‘शारदा’ जरूर वाचा. आणि वाचण्याआधीच तिला विचारलंत, तर आणखी चांगलं.