बर्फावरची भिंगरी

हेलसिंकीत डिसेंबरचा दिवस धड सहा तासांचाही नसतो. न्याहारी आटोपून बाहेर पाहावे तो अंधार आणि दुपारचा चहा घ्यावा तो पुन्हा अंधारच! अशा काळोखात इथली पोरे करतात तरी काय? उत्तर शाळेच्या पटांगणात मिळाले. थंडी कडाडली की पटांगणावर पाणी सोडायचे. त्याचा बर्फ होतो. मग दिव्यांच्या उजेडात पोलादी पात्यांचे बूट चढवून पोरे एका रबरी चकतीमागे काठ्या घेऊन सुटतात. हीच बर्फावरची हॉकी. बाजूला गोलरक्षक धरून सहा गडी, वीस-वीस मिनिटांचे तीन डाव.

ऑलिंपिक स्टेडियमजवळ १९६६ साली उघडलेला जुना आइस हॉल आहे. तो पाहताना मला आठवण झाली ती यारी कुर्रीची. १९६० साली तो याच शहरात जन्मला आणि 'योकेरित' म्हणजे 'जोकर' नावाच्या इथल्या संघातून पुढे आला. १९८० च्या लेक प्लॅसिड ऑलिंपिकमध्ये तो फिनलंडकडून खेळला. संघ चौथा आला, पदक हुकले. त्याच वर्षी विशीतल्या या पोराने कॅनडाची वाट धरली.

एडमंटन हे तेलाच्या विहिरींनी भरभराटलेले गाव; संघाचे नावही 'ऑयलर्स'. सुरुवातीला संघात आणखी दोन फिन होते, तेवढाच मायबोलीचा आधार. पण खरी जोडी जमली ती वेन ग्रेट्झ्कीशी. त्याने चकती सरकवायची आणि कुर्रीने ती न अडवता, आली तशीच जाळ्यात धाडायची! १९८४-८५ च्या हंगामात त्याने ७१ गोल केले. लोक म्हणत, ही सारी ग्रेट्झ्कीची पुण्याई. १९८८ साली ग्रेट्झ्की लॉस एंजलिसला गेला; तरी १९९० साली ऑयलर्सनी स्टॅन्ले चषक पुन्हा जिंकला. कुर्रीचा तो पाचवा.

मग पायाला भिंगरीच लागली. एक हंगाम इटलीत मिलानला, पुढे लॉस एंजलिसला पुन्हा त्याच मित्राशेजारी, मग न्यूयॉर्क, ॲनाहाइम, कोलोराडो. कॅलिफोर्नियाच्या ज्या शहरांत सहसा बर्फ पडत नाही, तिथे यंत्राने गोठवलेल्या बर्फावर हा उत्तरेचा माणूस पोट भरत होता. एकूण ६०१ गोल त्याच्या नावावर जमा झाले.

पन्नास-पंचावन्न लाख वस्तीच्या देशाने आपला मोहरा असा दूर धाडला, त्याला परत काय मिळाले? १९९४-९५ च्या हंगामात तिकडे मालक आणि खेळाडूंचा तंटा होऊन सामने बंद पडले, तेव्हा कुर्री थेट योकेरितमध्ये येऊन खेळला. १९९८ साली जपानात नागानोला तो पुन्हा फिनलंडच्या संघात होता. कांस्यपदकाच्या सामन्यात समोर कॅनडा, आणि कॅनडाच्या संघात ग्रेट्झ्की! फिनलंडने ३-२ अशी बाजी मारली. अठरा वर्षांपूर्वी हुकलेले ऑलिंपिक पदक गळ्यात पडले, आणि त्याच वर्षी त्याने खेळ थांबवला.

२००१ साली 'हॉकी हॉल ऑफ फेम'मध्ये पहिला फिन म्हणून त्याचे नाव लागले. पुढे योकेरितचा कारभारही त्याने पाहिला. त्याचा १७ क्रमांक आता योकेरितमध्ये कोणी घालत नाही आणि एडमंटनमध्येही नाही. एकाच माणसाची जागा दोन गावांनी राखून ठेवावी, ही मिळकत मला त्या ६०१ गोलांहून मोठी वाटते.